तापल्यावरच बुलेट मिसिंग का करते?

प्रश्न : वडिलांची १९८४ची बुलेट ३५० सकाळी एका किकमध्ये चालू होते. पण सोनगीरहून धुळ्याकडे निघालो की हायवेवर इंजिन तापतं आणि मिसिंग सुरू होतं, सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. कार्ब्युरेटर साफ करून झाला. आता काय पाहू?
– एक वाचक, सोनगीर

उत्तर : थंड असताना ठीक आणि तापल्यावर मिसिंग, म्हणजे पहिला संशय कंडेन्सर आणि इग्निशन कॉइलवर. कार्ब्युरेटर तूर्त राहू द्या.

मिसिंग सुरू होताच गाडी कडेला घेऊन पेट्रोल टाकीचं झाकण क्षणभर उघडा. त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. फरक पडला नाही, तर पॉइंटचं कव्हर काढून तापलेलं इंजिन अंधारात चालू ठेवा. पॉइंटमध्ये सतत मोठ्या ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर बदला. सोबत पॉइंट घासून फीलर गेजने गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवा.

हेडलाइटजवळचा ॲमीटरही बोलतो. चावी लावून किक हळूहळू दाबा. काटा उणे बाजूला जाऊन शून्यावर परतला पाहिजे. काटा ढिम्म असेल, तर पॉइंट मळलेत किंवा वायर सैल आहे.

हे सगळं ठीक असूनही तापल्यावर प्लगची ठिणगी पिवळी, बारीक पडत असेल, तर कॉइल बदला. एका वेळी एकच भाग बदला. नाहीतर दोष कशात होता, ते कळणार नाही.