सैल ग्राउंड आणि अकरा दिवस

सकाळी डीबगर जोडला की चिप लगेच ओळखली जायची. ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम थांबायचा, व्हेरिएबलच्या किमती दिसायच्या, एकेक ओळ पुढे नेता यायची. दुपारी जेवून येऊन पाहावं तर पडद्यावर एकच निरोप: टार्गेट सापडत नाही. बोर्ड तोच, लॅपटॉप तोच, कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नाही. शेतीपंपाच्या स्टार्टरसाठी मी एक कंट्रोलर बनवत होतो. त्याच्या बोर्डवर हे असं अकरा दिवस चाललं.

चिप होती एसटीएम३२एफ१०३. शिकणाऱ्यांच्या हातात 'ब्लू पिल' नावाच्या छोट्या निळ्या बोर्डवर येते तीच. तिच्याशी डीबगर बोलतो तो एसडब्ल्यूडी या पद्धतीने. त्यासाठी फक्त दोन सिग्नल लागतात: पीए१३ या पिनवर डेटा आणि पीए१४ वर क्लॉक. सोबत ग्राउंड हवाच. बोर्डचा पुरवठा किती व्होल्टचा आहे हे डीबगरला कळावं म्हणून आणखी एक तार, आणि जमल्यास रिसेटची. इतकी साधी जोडणी बघून तिच्यावर संशय घ्यावा असं वाटतच नाही. मीही घेतला नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकला, डीबगरचं फर्मवेअर बदललं, दुसरा लॅपटॉप आणला, धडधाकट बोर्डवरची चिप उपसून नवी बसवली.

बाराव्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये पॅनेल वायरिंग करणारे काका सहज डोकावले. त्यांनी मायक्रोकंट्रोलर कधी हाताळला नव्हता. मल्टिमीटर बझरवर ठेवून त्यांनी ग्राउंडच्या जंपर वायरच्या दोन्ही टोकांना प्रोब लावले आणि मधोमध चिमटीत धरून वायर हळूच वाकवली. बीप तुटला. सरळ केली, बीप आला. पुन्हा वाकवली, पुन्हा तुटला. काळ्या प्लॅस्टिकच्या टोपीच्या आत, क्रिंपच्या तोंडाशी तांब्याच्या तारा तुटून नुसत्या एकमेकींना टेकल्या होत्या. बाहेरून वायर अगदी नवी दिसत होती.

मग एरवी डीबगर चालत होता तो कशाच्या जोरावर? त्याचं उत्तर टेबलावरच होतं. लॉग बघण्यासाठी मी बोर्डला यूएसबी-सिरियलची वेगळी केबल लावत असे. डीबगरही त्याच लॅपटॉपला जोडलेला. त्यामुळे तुटक्या वायरऐवजी ग्राउंडचा रस्ता सिरियल केबलमधून लॅपटॉपात जाऊन लांबून डीबगरपर्यंत पोहोचत होता. सिरियल केबल लावलेली असली की काम चालायचं, काढली की वायर त्या क्षणी कशी वाकली आहे त्यावर सगळं अवलंबून. केबल लावलेली असतानाही स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्या लांबच्या रस्त्यावर इतका गोंधळ उसळायचा की संपर्क तुटायचा. दुसऱ्याच दिवशी सिरियल केबल काढल्यावर डीबगर गेल्याचं मी पाहिलं होतं. योगायोग म्हणून सोडून दिलं, आणि पुढचे नऊ दिवस गेले ते त्यामुळे.

एकदाच दिसलेलं लक्षण असं सोडून देण्याचं याहून फार मोठं उदाहरण मंगळावर घडलं आहे. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान तिथे उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप रिसेट होऊ लागला. कारण होतं 'प्रायॉरिटी इन्व्हर्जन': कमी महत्त्वाच्या कामाने अडवून ठेवलेल्या साधनासाठी जास्त महत्त्वाचं काम ताटकळत राही आणि ते वेळेत न झाल्याने वॉचडॉग, म्हणजे कामावर नजर ठेवणारी यंत्रणा, संगणक रिसेट करी. पृथ्वीवरच्या हुबेहूब यंत्रावर नोंदी चालू ठेवून अभियंत्यांनी ते पकडलं आणि दुरुस्ती यानाकडे पाठवली. हा दोष उतरण्याआधीच्या चाचण्यांतही दिसला होता, पण पुन्हा घडवता आला नव्हता.

माझ्या बोर्डवर वायर बदलली आणि सगळं सुरळीत झालं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. वायर बदलल्यावर डीबगर जोडला जायचा, पण काही सेकंदांनी निघून जायचा. म्हणजे दोष एक नव्हता, दोन-तीन होते, आणि ते एकमेकांच्या आड लपले होते. उपाय योग्य असूनही अपुरा वाटतो तो अशा वेळी, आणि माणूस चांगला उपाय उलटवून बसतो.

दुसरं कारण माझ्या कोडमध्ये होतं. वीज वाचवण्यासाठी मी चिपला 'स्टॉप' अवस्थेत झोपवत होतो. त्या अवस्थेत आतली मुख्य घड्याळं बंद होतात आणि त्याबरोबर डीबगरचं बोलणंही थांबतं. यासाठी चिपमध्येच डीबीजीएमसीयू नावाचं रजिस्टर असतं; त्यातला 'स्टॉप'चा बिट चालू केला की झोपेतही डीबगरपुरतं घड्याळ जिवंत राहतं. मात्र तो बिट चालू असताना विजेचा खप मोजायचा नाही, आकडा खोटा येतो. त्याच रजिस्टरमध्ये वॉचडॉगचाही बिट आहे. एफ१०३ चा स्वतंत्र वॉचडॉग सुमारे ४० किलोहर्ट्झच्या स्वतःच्या ऑसिलेटरवर चालतो. तो बिट चालू केला नाही, तर प्रोसेसर ब्रेकपॉइंटवर थांबला तरी त्याची मोजणी थांबत नाही. माझी मुदत दोन सेकंदांची होती. ब्रेकपॉइंटवर थांबून मी एखादं व्हेरिएबल वाचेपर्यंत चिप रिसेट झालेली असायची आणि मला वाटायचं, डीबगर अडखळतोय.

हे ज्याच्या टेबलावर घडतंय, त्याने कोड उघडण्याआधी मीटर उचलावा. बोर्डवरचे ३.३ व्होल्ट चिपच्या पिनवर मोजावेत, रेग्युलेटरच्या तोंडाशी नव्हेत. प्रत्येक पुरवठा पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे का ते पाहावं. बाकीच्या सगळ्या केबल काढून ग्राउंड एकटा तपासावा, वायर वाकवत. मग वायरी आखूड कराव्यात आणि क्लॉकचा वेग उतरवावा: ४ मेगाहर्ट्झवर अडखळणारा डीबगर १०० किलोहर्ट्झवर नीट चालला तर बोट सरळ वायरिंगकडे किंवा गोंगाटाकडे जातं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय दिसलं ते वेळेसकट वहीत लिहावं. माझ्या वहीत दुसऱ्या दिवसाची ती सिरियल केबल असती तर बाकीचे दिवस वाचले असते.

एफ१०३ वर नव्याने काम करणाऱ्यांची आणखी एक ठरलेली अडचण आहे. कोड तयार करून देणाऱ्या साधनात डीबगचा पर्याय 'नो डीबग' राहिला, तर तयार होणारा कोड सुरू होताक्षणी डीबगच्या पिना बंद करतो. पहिल्यांदा प्रोग्रॅम जातो, दुसऱ्यांदा चिप सापडत नाही, आणि माणूस समजतो की चिप जळाली. जळालेली नसते. रिसेटची तार जोडून 'कनेक्ट अंडर रिसेट' वापरावं, किंवा बूट० पिन ३.३ व्होल्टला जोडून रिसेट द्यावा. तुमचा कोड सुरूच होत नाही आणि चिप पुसता येते. मग तो पर्याय 'सिरियल वायर' करावा.

स्वस्त ब्लू पिलवर आणखी एक गोष्ट बघावी. अस्सल एफ१०३ डीबगरला १बीए०१४७७ हा ओळखक्रमांक देते. त्या बोर्डांवर येणाऱ्या काही नकली चिप २बीए०१४७७ देतात, आणि अस्सल क्रमांकाची अपेक्षा करणारं सॉफ्टवेअर तिथेच थांबतं.

आणि डीबगर जोडलेला राहूनही ओळी मागेपुढे उड्या मारत असतील, व्हेरिएबल दिसत नसेल, तर वायरला हात लावू नये. कंपायलरने ऑप्टिमायझेशनमध्ये ओळी सरकवलेल्या असतात. डीबगपुरती ती पातळी उतरवावी. ब्रेकपॉइंट लागतच नसेल तर आधीचे मोजावेत: एफ१०३ मध्ये ते हार्डवेअरमध्ये सहाच मिळतात.

कंट्रोलरच्या पुढच्या आवृत्तीत मी सुट्या पिना काढून टाकल्या. तिथे आता १.२७ मिलिमीटर अंतराचा दहा पिनांचा डीबग कनेक्टर आहे. ३ व ५ क्रमांकाच्या पिना ग्राउंडच्या, दहावी रिसेटची. पहिला बोर्ड हातात आला तेव्हा काकांना बोलावून कॉन्टॅक्टर पन्नास वेळा ओढून सोडला. डीबगर एकदाही सुटला नाही.