माठ खराब की विहीर?

आपण तांब्याभर पाण्यासाठी दर वेळी विहिरीवर जात नाही. माठ भरून ठेवतो. ब्राउझरही असेच करतो. वेबसाइटची चित्रे व फायली तो एकदा आणून आपल्याजवळ साठवतो, म्हणजे पुढच्या खेपेस पान लवकर उघडते. या साठ्यास कॅश असे म्हणतात.

पण एखादी फाइल अर्धवट उतरली, किंवा तिकडे पान बदलले नि इकडे जुनेच राहिले, की पान वेडेवाकडे दिसते. बाबांचा पिकाचा फॉर्म असाच अडला. बटण दाबलं तरी ढिम्म! मुदत दोन दिवसांवर आलेली. बाबा तालुक्याला निघाले होते. ताईच्या फोनवर मात्र तेच पान नीट उघडले. म्हणजे विहीर चांगली, आमचाच माठ खराब.

संगणकावर आधी कंट्रोल व एफ-५ एकदम दाबावे. नाहीच जमले तर कंट्रोल, शिफ्ट व डिलीट दाबावे. फोनवर तीन टिंबांच्या यादीत ब्राउझिंग डेटा पुसण्याची सोय असते. तिथे कॅशवरच खूण ठेवावी. पासवर्डवरची खूण आठवणीने काढावी, नाहीतर घरात सगळे पासवर्ड शोधत बसतात!

ताईने तसेच केले. फॉर्म त्याच संध्याकाळी गेला. कॅश पुसल्यावर पहिल्यांदा पान हळू उघडते, कारण सारे नव्याने आणावे लागते.