कोंबड्यांची मानमोडी

कोंबडी हा उपयुक्त पक्षी आहे. अंडी विकून आमच्या घरचा तेलमिठाचा खर्च निघतो. माझ्या वह्यासुद्धा अंड्यांच्या पैशातूनच आल्या.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही आठवडी बाजारातून एक कोंबडी आणली. चार दिवसांनी ती गप्प बसू लागली. हिरवट पातळ हगू लागली. मग तिची मान पिळल्यासारखी वाकडी झाली. नंतर आमच्या बाकीच्या कोंबड्याही तशाच झाल्या. अकरापैकी आठ मेल्या.

आजी म्हणाली, "राहिलेल्या तीन मरायच्या आधी बाजारात इकून टाका." बाबा म्हणाले, "आपल्याले ज्यानं इकली त्यानंबी असंच केलं असंन. मंग त्याच्यात अन् आपल्यात फरक काय?" आम्ही त्या विकल्या नाहीत. त्यातल्या दोन मेल्या. एक वाचली. माय खूप रडली.

मी बाबांबरोबर ढोरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले.

या रोगाला राणीखेत म्हणतात. आपण मानमोडी म्हणतो. राणीखेत हे हिमालयातले एक गाव आहे. आपल्या देशात हा रोग तिथे आढळला, म्हणून हे नाव पडले. त्याआधी १९२६ साली तो इंग्लंडात व जावा बेटावर आढळला होता. तो विषाणूमुळे होतो. कबुतरांनाही होतो. एकदा झाला की त्यावर औषध नाही. पण आधी लस देता येते.

पाच ते सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा एक थेंब टाकतात. आपल्याला लहानपणी पोलिओचा डोस पाजतात, तसेच हे आहे. लशीतला विषाणू दुबळा असतो. पिलाचे शरीर त्याला ओळखून ठेवते. मग खरा शत्रू आला की त्याला हरवते. यालाच रोगप्रतिकारक शक्ती म्हणतात. कोंबडीला लस दिलेली असेल तर अंड्याच्या बलकातून पिलाला थोडी शक्ती मिळते. पण ती दोन-तीन आठवड्यांत संपते. लशीचा असरही कायम राहत नाही, म्हणून पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा लस द्यावी.

बर्ड फ्लू हा वेगळा रोग आहे. भारतात तो प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला आढळला. नंतर आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातही आला. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. हा रोग कधी कधी माणसालाही होतो. म्हणून मेलेल्या कोंबडीला, कावळ्याला हात लावू नये. मोठ्यांना सांगावे. खूप पक्षी एकदम मेले तर दवाखान्यात कळवावे.

मित्रांनो, हे ध्यानात ठेवा :
१) नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी.
२) मेलेली कोंबडी नाल्यात फेकू नये. मोठ्यांनी ती चुना टाकून खोल पुरावी.
३) आजारी कोंबडी विकू नये.

लशीची एक बाटली १०० किंवा जास्त पक्ष्यांना पुरते. ती बर्फात आणावी लागते. फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठी एकट्याने कोण आणणार? म्हणून ही भिंत वाचणाऱ्या काका-काकूंना विनंती आहे. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी बाबांना सांगावे. सगळे मिळून एक बाटली आणू.

आमची वाचलेली कोंबडी सध्या नऊ अंड्यांवर बसली आहे.