गळ्यातील ग्रंथी आणि घरातील मीठ

मानवी शरीराचे व्यवहार मज्जासंस्था आणि अंतःस्रावी ग्रंथी या दोन यंत्रणांच्या नियंत्रणाखाली चालतात. लाळग्रंथींसारख्या ग्रंथी आपला स्राव नलिकेवाटे ठरावीक जागी पोहोचवितात. अंतःस्रावी ग्रंथींना नलिका नसते. त्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो व रक्ताबरोबर सर्व अवयवांपर्यंत जातो. या स्रावांना संप्रेरके म्हणतात. स्वादुपिंडातील इन्सुलिन रक्तातील साखरेवर ताबा ठेवते. अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरके संकटकाळी शरीराला सज्ज करतात. गळ्याच्या पुढील भागी असलेली, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी शरीरातील चयापचयाचा वेग ठरविते. व्यवहारात ती ‘थायरॉईड’ या नावाने परिचित आहे.

सुरत शहरातील डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खान्देशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांचा संसार सुरतेत आणि आप्त तापीच्या वरच्या खोऱ्यात, अशी स्थिती असते. अशा कुटुंबांतील मातांच्या व बालकांच्या दृष्टीने या एका ग्रंथीची माहिती विशेष उपयुक्त आहे.

आयोडीनचे कार्य

अवटू ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात. प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ७० वर्षांच्या आयुष्यातील ही सर्व गरज एकत्र केली तरी ती ४ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभराहूनही कमी भरते. परंतु शरीर हा साठा दीर्घकाळ करून ठेवू शकत नसल्यामुळे तो थोडाथोडा, नित्य मिळावा लागतो.

रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी आपल्या संप्रेरकाद्वारे अवटू ग्रंथीला अधिक काम करण्याचा आदेश देते. यंत्रमागाच्या कारखान्यात धागाच येत नसताना मालकाने मागांची संख्या वाढवीत जावे, तसाच हा प्रकार होय. ग्रंथी आकाराने वाढते, उत्पादन मात्र वाढत नाही. गळ्यावर दिसणारी ही सूज म्हणजे गलगंड.

समुद्र जवळ असूनही उणीव

पाऊस व पूर यांमुळे जमिनीच्या वरच्या थरातील आयोडीन वाहून जाते. अशा जमिनीतील धान्य, भाजीपाला व चारा यांत ते अल्प प्रमाणात उतरते. हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश गलगंडासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. त्यामुळे शाळकरी मुलांमधील गलगंडाचे प्रमाण पुष्कळ घटल्याचे आढळले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

तथापि हा रोग केवळ डोंगराळ प्रदेशाचा नव्हे. पुढील सर्वेक्षणांत मध्य प्रदेश, महाराष्ट्र व गुजरात या राज्यांतही त्याची क्षेत्रे सापडली. सुरतेच्या शेजारचा, समुद्राला लागून असलेला भरूच जिल्हा त्यांत होता. गुजरातेत देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ तयार होते. तेथेच ही उणीव आढळावी, हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते. परंतु मिठागरात पाणी आटून मीठ जमते तेव्हा आयोडीनचा बहुतेक अंश उरलेल्या खारट द्रावात राहतो. म्हणून समुद्राचे साधे खडे मीठ हे आयोडीनचे भरवशाचे साधन नव्हे. मिठात पोटॅशियम आयोडेट मुद्दाम मिसळावे लागते. २००६ पासून देशात थेट मानवी सेवनासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी असून, ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असणे आवश्यक आहे.

न दिसणारी हानी

गळ्यावरील सूज डोळ्यांना दिसते. खरी हानी मात्र गर्भाच्या मेंदूची होते. गरोदरपणाच्या पहिल्या सुमारे ३ महिन्यांत गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी कार्यक्षम नसते. मेंदूच्या वाढीस लागणारे थायरॉक्सिन तो मातेकडूनच घेतो. या काळात मातेची आयोडीनची गरज दररोज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते. तीव्र उणीव राहिल्यास गर्भपात, मृतजन्म, बहिरेपणा किंवा मतिमंदत्व ओढवू शकते. मेंदूची ही हानी पुढे भरून निघत नाही. हे लक्षात घेऊन १९९२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातील ‘गलगंड’ हा शब्द बदलून ‘आयोडीन न्यूनता विकार’ असा व्यापक शब्द योजण्यात आला.

लक्षणे व उपचार

आज आढळणारा प्रत्येक अवटू विकार आयोडीनच्या अभावाने होतो असे नाही. अनेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर आघात करते. स्राव कमी झाल्यास थकवा, वजनवाढ, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, पाळीतील अनियमितपणा ही लक्षणे दिसतात. घरात त्यांची गणना पुष्कळदा आळसात होते आणि रुग्ण स्त्रीला उपचाराऐवजी बोल ऐकावे लागतात. स्राव वाढल्यास छातीत धडधड, हातांना कंप, घाम व वजन घटणे असे उलट चित्र दिसते. साध्या रक्ततपासणीने निदान होते.

स्राव कमी असल्यास वैद्यकीय सल्ल्याने थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते. अधिक मीठ खाणे हा तिला पर्याय नव्हे. त्याने रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. गरोदर स्त्रीला लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या जातात. त्या थायरॉक्सिनच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून दोहोंमध्ये सुमारे ४ तासांचे अंतर ठेवावे. गरोदरपणात या औषधाची मात्रा बहुधा वाढवावी लागते. ते परस्पर बंद करू नये.

कुटुंबाची जबाबदारी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत खान्देशी कुटुंबांत आजही आहे. त्यामुळे पहिल्या महिन्यांची तपासणी डिंडोलीत आणि प्रसूती दुसऱ्या राज्यात, असे घडते. माता व बाल संरक्षण कार्ड, रक्ततपासणीचे अहवाल आणि औषधाच्या मात्रेची चिठ्ठी मातेबरोबर गेली नाही, तर उपचाराचा दुवा नेमका महत्त्वाच्या वेळी तुटतो. जन्मानंतर बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून अवटू ग्रंथीची तपासणी करता येते. दोष आढळल्यास पहिल्या २ आठवड्यांत औषध सुरू करणे हिताचे असते.

मीठ घेताना पाकिटावरील ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द पाहावा. ते झाकणाच्या बरणीत, ओल व चुलीची धग यांपासून दूर ठेवावे. आशा कार्यकर्तीकडे तपासणी संच असल्यास चिमूटभर मिठावर द्रावाचा थेंब टाकून परीक्षा करता येते. निळा-जांभळा रंग आला की आयोडीन आहे असे समजावे. या तपासणीला क्षणभराचाही अवधी लागत नाही. तिच्यामुळे टळणारी उणीव मात्र जन्मभराची असते.