बेसबॉलचं मशीन, क्रिकेटची पोरं

प्रश्न: पेठेतल्या पोरांना सरावासाठी वर्गणी काढून चेंडू टाकणारं मशीन घ्यायचं चाललंय. बेसबॉलचं एक जुनं अमेरिकन पिचिंग मशीन स्वस्तात मिळतंय. ते क्रिकेटला चालेल का? की उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्यावं?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: बेसबॉलचं मशीन घेऊ नका. चेंडूच्या वजनाची भीती घालणारे भेटतील, पण तो फरक किरकोळ आहे: बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३. खरी अडचण टप्प्याची. बेसबॉलमध्ये चेंडू हवेतनं थेट बॅटवर येतो, म्हणून ते मशीन कमरे-छातीच्या उंचीवरून जवळजवळ सरळ फेकतं. आपला बोलर दोन मीटरहून उंचावरून चेंडू सोडतो. तो टप्पा खातो, मग उसळतो. बसक्या तिवईवरनं टाकलेला चेंडू सिमेंटच्या पिचवर सरपटत येणार आणि पोरांना वाकून खेळायची सवय लागणार. मशीन घोडीवर चढवाल, पण त्याचं तोंड खाली झुकत नसेल तर नुसते फुलटॉस. शिवाय अमेरिकेतली घरगुती वीज १२० व्होल्टची. आपल्या २३० च्या प्लगला थेट लावलंत की मोटर गेलीच म्हणून समजा.

आता उद्यमनगर. दोन चाकं, दोन मोटरी आणि एक सांगाडा उभा करणं तिथल्या मिस्त्रींना काही अवघड नाही. उलट दिशांना फिरणाऱ्या चाकांच्या फटीत चेंडू सरकवला की ती त्याला ओढून फेकतात, एवढंच तर काम. पण ताशी १०० किलोमीटर वेग हवा तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला मिनिटाला सुमारे १८०० फेरे घ्यावे लागतात. एवढ्या वेगात बॅलन्सिंग जरा चुकलं की सांगाडा थरथरतो आणि टप्पा भलतीकडेच पडतो. दोन्ही मोटरींचा वेग स्वतंत्र बदलता यावा आणि ठेवला तिथं टिकावा, कारण सगळी करामत त्यातच आहे. वरचं चाक जास्त वेगानं फिरलं की चेंडू टॉपस्पिन घेऊन लवकर खाली येतो. डोकं तिरकं केलं की तीच फिरकी त्याला बाजूला वळवते. चाकांवर भक्कम कव्हर हवंच, बोटं पोरांची आहेत. बॅलन्सिंगचा विषय जो मिस्त्री स्वतःहून काढेल, त्याला काम द्या. बाकीच्यांचा चहा घ्या आणि या.

तरी आधी हे ठरवा की मशीन हवंय कशासाठी. मशीनला हात नसतो. ताशी १३० चा चेंडू बॅट्समनपर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात येतो, त्यामुळे चांगला बॅट्समन बोलरचा खांदा आणि मनगट बघून आधीच अंदाज बांधायला लागतो. ते मशीनसमोर शिकता येत नाही. इयान रेनशॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुढच्या पायावरचा बचाव बोलरसमोर एक आणि मशीनसमोर दुसराच दिसला. वेन आकृतीवाले गणिती जॉन वेन यांनीही बोलिंगचं मशीन बनवलं होतं. १९०९ साली ऑस्ट्रेलियाचा संघ केंब्रिजला आला, तेव्हा त्या मशीननं त्यांच्या एका नावाजलेल्या खेळाडूला चारदा त्रिफळाचीत केलं म्हणतात. मला तरी वाटतं, त्या बिचाऱ्याला बघायला हातच नव्हता!

मग मशीन कामाचं कशाला? एकच फटका घोटवायला. पुल जमत नाही, तर तोच आखूड टप्प्याचा चेंडू पन्नास वेळा. एवढं कुठल्याच बोलरकडून होत नाही. त्यासाठी ताशी १५० चा वेग लागत नाही. जाहिरातीत तोच आकडा मोठ्या अक्षरात असतो. तुमच्या पोरांना ६० ते ९० मध्ये अचूक टाकणारं मशीन हवं. वर्गणी कमी पडली तर साइडआर्म घ्या: लांब दांडीच्या टोकाला चेंडू अडकवून फेकायचं साधन. भारतीय संघासोबत राघवेंद्र वर्षानुवर्षं त्यानंच थ्रोडाऊन देत आलेत. त्यात निदान माणसाचा हात तरी दिसतो. फेकणाऱ्याचा खांदा मात्र शाबूत हवा.

मशीनच घेणार असाल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं बघा. मैदानावर वायर ओढत न्यावी लागत नाही. चेंडू खळग्यांचे, प्लास्टिकचे घ्या. शिवणीचा चेंडू चाकात दरवेळी वेगळा पकडला जातो आणि चाकंही खातो. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या शेडखालीच सराव करा, ओला चेंडू चाकात घसरतो. चेंडू भरणाऱ्यानं प्रत्येक चेंडू हात उंच करून आधी दाखवावा आणि समोरच्यानं हेल्मेट घातल्याशिवाय मशीन चालू करू नये. पैसे देण्याआधी पिचवर गुड लेंथला वर्तमानपत्राचं अर्धं पान चिकटवा, वेग ७० वर ठेवा आणि सेटिंगला हात न लावता वीस चेंडू टाकायला सांगा. पंधरा-सोळा कागदावर पडले नाहीत तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी घेऊ नका.