पहाटेची ठकठक: पिकअपच्या थंड इंजिनाचा आवाज आणि दुरुस्तीचा हिशेब

पहाटे पाचला बडोद्याच्या गोत्रीतून सयाजीपुऱ्याच्या मार्केट यार्डाकडे भाजी आणायला निघायचे, सेल्फ मारायचा आणि बॉनेटखालून ठकठक सुरू व्हायची. दोन-चार मिनिटांत आवाज विरतो आणि गाडी कामाला लागते. दहाच्या पुढे गॅरेज उघडते तेव्हा इंजिन तापलेले असते. मेकॅनिक कान लावतो, पण त्याला काहीच ऐकू येत नाही. मग तो ‘डिझेल गाडी आहे, आवाज करणारच’ म्हणून परत पाठवतो, नाही तर अंदाजानेच ‘इंजिन काम निघणार’ असे सांगतो. दोन्ही उत्तरे चुकीची ठरू शकतात, कारण आवाज येत होता तेव्हा गाडीजवळ जाणकार कोणी नव्हते.

म्हणून पहिला सल्ला बिनखर्चाचा. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये लावा, ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असे बजावा आणि सकाळी मेकॅनिकच्या समोर पहिला सेल्फ मारा. तेवढे जमत नसेल तर मोबाइलवर चित्रीकरण करा. आधी डॅशबोर्डवरचे दिवे, मग सेल्फ, मग उघड्या बॉनेटखालचा आवाज, असे तो थांबेपर्यंत सलग टिपा. आवाज किती सेकंद टिकला हीच निदानाची पहिली नोंद.

कोणता आवाज चालतो, कोणता नाही

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन थंड असताना सिलिंडरच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात, डिझेल क्षणभर उशिरा पेटते आणि तोवर साचलेले सगळे एकदम भडकते. त्याचीच कडकड आपल्याला ऐकू येते. जानेवारीत बडोद्याचा पारा पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा मिनिटभर ती थोडी वाढली तर काळजी नको. गेल्या हिवाळ्यात होती तेवढीच आहे ना, हे महत्त्वाचे. या वर्षी नव्याने सुरू झाली असेल तर शोध घ्यायला हवा.

आवाज सहसा असे ओळखता येतात:

- पहिले दोन ते दहा सेकंद खडखड, मग शांत. ऑईल वर पोचायला वेळ लागतो आहे. ऑईल कमी आहे, चुकीच्या ग्रेडचे आहे, किंवा फिल्टरमधली रबरी झडप निकामी होऊन रात्रीत ऑईल खाली उतरते आहे. टायमिंग चेनचा टेन्शनर सैल झाला असला तरी असेच होते.
- बारीक टिकटिक, पाच-दहा मिनिटांत बंद. टॅपेटचे अंतर वाढले असेल किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग गळत असेल. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज जातो. टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या सांध्यापाशी पाहा. पॅकिंगच्या कडेने काजळीचा काळा पट्टा उमटला असेल तर चोर सापडला. हे न बघता टॅपेटचे काम केल्यास पैसे वाया जातात.
- ठकठक, सोबत पांढरा धूर आणि थरथर. हीटर प्लग किंवा नोझल. एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट पेटत नाही.
- बोथट ठोका, इंजिन तापले की नाहीसा. पिस्टन आणि बोअरमधली जागा वाढली आहे. ऑईल जळत नसेल आणि ओढ कमी झाली नसेल तर अशी गाडी बराच काळ चालवता येते. फक्त नोंद ठेवा.
- क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज. दोष इंजिनाचा नाही. रिलीज बेअरिंग, क्लच किंवा गिअरबॉक्सकडे बघा.
- जड ठोका, तापल्यावर आणि रेस दिल्यावर वाढणारा, ऑईलचा दिवा लुकलुकणारा. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. इंजिन ताबडतोब बंद करा आणि गाडी टो करून न्या. ‘गॅरेजपर्यंत चालवत नेऊ’ म्हणाल तर क्रँक खराब होऊन खर्च कित्येक पटींनी वाढेल.

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्यात इंधनामुळे होणारे नॉकिंग बहुधा इंजिन तापल्यावर, चढावर आणि भार असताना येते. थंड इंजिनात आवाज असेल तर आधी ऑईल, टॅपेट आणि मॅनिफोल्ड हेच क्रमाने तपासा.

घरी करायची तपासणी: खर्च शून्य

गाडी सपाट जागी उभी असताना, सुरू करण्यापूर्वी, ऑईलची काडी काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर बाकी सगळे थांबवून आधी ऑईल भरा. पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल, तर नोझल गळत असण्याची शक्यता आहे. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेले ऑईल बेअरिंग खाते.

नंतर इंधनाचा विचार करा. बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच स्वस्त द्रावण विकणाऱ्यांवर गुजरात सरकारने २०२१ मध्ये मोहीम काढली होती. आपल्याकडच्या डिझेलचा सिटेन अंक मानकानुसार किमान ५१ असावा लागतो. तो कमी असलेले इंधन उशिरा पेटते आणि ठकठक वाढते. टाकी जवळजवळ रिकामी करून खात्रीच्या पंपावर भरा आणि दोन-तीन सकाळी आवाज ऐका. पंपावर डिझेलची घनता मोजून दाखवा, असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

एक मोह टाळा. आवाज दाबण्यासाठी जाड ऑईल किंवा बाटलीतले औषध घालू नका. जाड ऑईल थंडीत आणखी सावकाश वर चढते, म्हणजे रोज सकाळी बेअरिंग अधिक वेळ कोरडे राहते. गाडीच्या पुस्तिकेत छापलेली ग्रेडच वापरा. बीएस-६ गाडीत तर ती चुकवूच नका, कारण चुकीच्या ऑईलने धुराची गाळणीही बिघडते.

निदानाचा खर्च

पुढचे आकडे बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा या वर्गातल्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनासाठी, बाहेरच्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. छोट्या दोन सिलिंडरच्या टाटा एसला कमी लागेल, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जास्त. बजेट आखायला ते पुरतात. प्रत्यक्ष भाव दोन ठिकाणी विचारा.

- स्कॅनर लावणे: ३०० ते १,००० रुपये
- हीटर प्लगची तपासणी: २०० ते ५००
- गेज लावून ऑईल प्रेशर मोजणे: ३०० ते ८००
- चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन: ८०० ते २,०००
- नोझल काढून डिझेल लॅबमध्ये तपासणे: प्रत्येकी ३०० ते ६००, काढण्या-बसवण्याची मजुरी वेगळी

नोझलची तपासणी सोडली तर बाकी सगळे मिळून दोन ते चार हजारांत होते. इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे, म्हणून ती वाचवू नका.

कॉम्प्रेशनचे चारही आकडे कागदावर लिहून घ्या. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. ऑईल प्रेशर इंजिन थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, दोन्ही वेळा मोजा. थंड असताना चांगले दिसणारे प्रेशर तापल्यावर कोसळत असेल तर बेअरिंग किंवा ऑईल पंप झिजला आहे.

कोणत्या सिलिंडरमधून ठोका येतो हे शोधायला जुन्या गाड्यांत मेकॅनिक नोझलच्या पाइपाचा नट सैल करत. कॉमन रेल इंजिनात हे कदापि करू देऊ नका. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो, त्याची चिळकांडी कातडीत घुसते. या गाड्यांत स्कॅनरने एकेक सिलिंडर बंद करून पाहता येतो.

ऑईल बदलताना जुना फिल्टर फेकू देऊ नका. तो कापायला सांगा, आतला कागद पिळून उन्हात उलगडा. नुसता काळा असेल तर ठीक. घड्यांमध्ये तांबूस किंवा चंदेरी चमक दिसली तर वरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटेल ते लोखंड. न चिकटणारा तांबूस चुरा बहुतेक बेअरिंगचा असतो. ही चमक दिसली आणि ठोकाही जड असेल तर खालचे चेंबर खोलण्याला पर्याय नाही.

दुरुस्तीचा खर्च

- ऑईल आणि चांगला फिल्टर: २,५०० ते ४,०००
- टॅपेट सेटिंग: ५०० ते १,५००
- मॅनिफोल्ड पॅकिंग: १,००० ते ३,०००, स्टड तुटला तर लेथवाल्याचे वेगळे
- हीटर प्लग: प्रत्येकी ५०० ते १,२००. चारही एकदम बदला
- नोझल दुरुस्ती: प्रत्येकी ३,००० ते ६,०००, नवे त्याच्या दुप्पट-तिप्पट
- टायमिंग चेन, टेन्शनर, मजुरी: ८,००० ते १८,०००
- फक्त बेअरिंग शेल, क्रँक चांगला असेल तर: १०,००० ते २०,०००
- क्रँक ग्राइंडिंग, बोअर, पिस्टन यांसह पूर्ण इंजिन काम: ६०,००० ते सव्वा लाख

यात गाडी उभी राहण्याचा तोटा धरा. फिल्टर बदलायला तासभर लागतो. पूर्ण इंजिन कामाला आठवडा ते पंधरवडा जातो, आणि तेवढ्या दिवसांचे भाडे बुडते, बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून यादीच्या वरच्या टोकापासून खाली या. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर एक नटही खोलू देऊ नका.

पुरात भिजलेली गाडी

बडोदेकरांनी हे खास ध्यानात ठेवावे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि शहरातल्या असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. अशा वेळी सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तो थोडाच वाकला तर गाडी चालते, पण पिस्टन पूर्ण उंचीला जात नाही. त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरते, आणि थंडीत थरथर व ठोका येतो. जुनी पिकअप घेताना त्यामुळे कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय विसार देऊ नका. सीटखालच्या नटांवरचा गंज, गालिच्याखालचा गाळ आणि वायरिंगच्या जोडांवरची हिरवट पुटे पाहा. पाहायला पहाटे जा आणि बॉनेटला हात लावा. ते गरम लागले तर मालकाने आवाज घालवण्यासाठी गाडी आधीच फिरवली आहे, असे समजून दुसऱ्या सकाळी पुन्हा जा.

पाणी शिरल्यावर सेल्फ मारून झालेले इंजिनाचे नुकसान साध्या सर्वंकष विम्यात सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जोडकवच घ्यावे लागते. नूतनीकरणाच्या वेळी ते तुमच्या मालवाहू गाडीला मिळते का, हे लेखी विचारा.

बिल आणि हक्क

काम देण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्या: भाग कोणता, कंपनीचा की लोकल, मजुरी किती, आणि वाढीव काम निघाले तर आधी विचारणार, अशी ओळ. काढलेले जुने भाग परत मागा. वाहनांच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. बिलात २८ टक्के दिसले तर हटका.

मजुरी थकली तर गाडी अडवून ठेवण्याचा हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने दुरुस्ती करणाऱ्याला दिला आहे. बिलावर वाद असेल तर ‘हरकत नोंदवून रक्कम देत आहे’ असे बिलावर लिहा, पैसे भरा, गाडी सोडवा आणि मग दाद मागा. ‘मालवाहू गाडी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही’ असे कोणी म्हटले तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वस्तू विकत घेऊन वापरणारा माणूसही ग्राहक ठरतो. स्वतः पिकअप चालवून घर चालवणाऱ्याला हे लागू पडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. अंदाजपत्रक, बिल, जुने भाग आणि पहाटेचे ते चित्रीकरण हाच तुमचा पुरावा.

इंजिन उघडायला होकार देण्यापूर्वी दोन आकडे मागा: तापलेल्या इंजिनाचे ऑईल प्रेशर आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन. मेकॅनिकने ते लिहून दिले तर त्याच्या निदानावर विश्वास ठेवायला आधार आहे. तो मोजायलाच तयार नसेल तर किल्ली घ्या आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये संध्याकाळीच गाडी लावा.