तेलाच्या डब्यावरील खुणा

युरोपात ऑलिव्ह तेलास उगमस्थानाची संरक्षित मुद्रा मिळते. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या बागाईतदारांना परिचित अशा नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन लाभले. मात्र उगमाची खूण वेगळी आणि शुद्धतेची वेगळी.

१९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. पायांवर सूज, धाप, हृदयाची दुर्बलता अशी साथ पसरून सुमारे ६० जण दगावले.

म्हणून जामसांवलीच्या मातापित्यांनी सुटे तेल टाळावे आणि डब्यावर तीन खुणा पाहाव्यात : १४ अंकी परवाना क्रमांक, १९३७ च्या कायद्यान्वये दर्जा दर्शविणारे ॲगमार्क आणि ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वे मिसळल्याचे ‘+एफ’ हे चिन्ह. बालक तेल निवडत नाही; ते आपणच त्याच्या ताटात वाढतो.